सूर्य-चंद्र आकाशात : एका सम्राज्ञीच्या नावाचे अक्षर

चिनी भाषेत एक असे अक्षर आहे, की ज्याच्यावाचून कुणाचेच काही अडत नाही. बाजारहाट करायला, पत्र लिहायला, वर्तमानपत्र वाचायला ते लागत नाही. शाळेतल्या पोरांना ते घोकावे लागत नाही. तेराशे वर्षांपूर्वी एका बाईच्या नावासाठी ते तयार झाले आणि आजही ते प्रामुख्याने त्या एका नावासाठीच ओळखले जाते. ही बाई म्हणजे वू झेत्यान. चीनच्या प्रदीर्घ इतिहासात सम्राट ही पदवी स्वतःच्या हक्काने धारण करणारी ती एकमेव स्त्री मानली जाते.

बौद्ध वाचकांना हा काळ अगदीच परका नाही. ह्युएन त्संग यांचे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. ते भारतभर फिरले, महाराष्ट्रातही येऊन गेले आणि मायदेशी परतल्यावर धम्मग्रंथांच्या भाषांतरात आयुष्य वेचले. त्यांच्या अखेरच्या वर्षांत राजवाड्यात पट्टराणी म्हणून वू हीच होती. इसवी सन ६५६ मध्ये तिला मुलगा झाला तेव्हा ह्युएन त्संग यांच्याशी असलेल्या संबंधामुळे त्या बाळाला 'बुद्धप्रकाश राजपुत्र' असे म्हटले गेले. दुसरे प्रवासी इत्सिंग ६७१ साली समुद्रमार्गे निघाले, नालंदा येथे अनेक वर्षे शिकले आणि सुमारे चारशे ग्रंथ घेऊन ६९५ साली लोयांग नगरीत परतले. त्यांच्या स्वागतास नगराच्या पूर्व वेशीबाहेर स्वतः सम्राट गेली होती. ती सम्राट म्हणजेच वू.

अशा या बाईने आपल्या नावासाठी कोणते अक्षर निवडले, त्याचा अर्थ काय, उच्चार काय आणि त्या अक्षराचे पुढे काय झाले, ते आम्ही या लेखात सांगणार आहोत.

अक्षर कसे असते?

आपली देवनागरी आवाज लिहिते. 'क'ला काना दिला की 'का'. चिनी लिपीचे तसे नाही. तेथे एक अक्षर म्हणजे बहुधा एक शब्द किंवा शब्दाचा एक तुकडा. १७१६ साली पुऱ्या झालेल्या खांगशी शब्दकोशात अशी सत्तेचाळीस हजारांहून अधिक अक्षरे आहेत. रोजच्या वाचनाला त्यांतली तीन-साडेतीन हजार पुरतात. बाकीची कोशात पडून असतात.

बहुतेक अक्षरांचे दोन भाग असतात. एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा उच्चाराची. 'आई' या अर्थाचे 'मा' हे अक्षर घ्या. त्याच्या एका बाजूला 'स्त्री' हे चिन्ह असते आणि दुसऱ्या बाजूला 'घोडा'. आईचा आणि घोड्याचा काही संबंध नाही, पण घोड्यालाही चिनी भाषेत 'मा' म्हणतात, फक्त सूर वेगळा. म्हणून घोडा येथे केवळ आवाजापुरता आला. नवे अक्षर समोर आले तर जाणता वाचक अशा खुणेवरून उच्चाराचा अंदाज बांधू शकतो.

वूच्या नावाचे अक्षर या नियमात बसत नाही. त्यात सूर्य आहे, चंद्र आहे, आकाश आहे. परंतु उच्चार सुचवणारा भागच नाही. पाहणाऱ्याला चित्र कळते, पण ते वाचायचे कसे हे दुसऱ्या कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही.

घरातील मुलांना हे अक्षर काढून पाहण्यास सांगावे. प्रथम एक उभा चौकोन काढा आणि मध्ये एक आडवी रेघ मारा. हा झाला सूर्य. त्याच्या उजव्या हाताला तसाच पण थोडा उंच चौकोन काढा, त्यात दोन आडव्या रेघा मारा आणि त्याचा तळ उघडा ठेवा. डावा पाय जरा बाहेर वाकवा. हा चंद्र. आता या दोघांच्या खाली तिसरे चिन्ह येते. वर एक ठिपका, त्याखाली छपराची वळचण, छपराखाली बाहेर फाकलेल्या दोन छोट्या रेघा आणि शेवटी दोन आडव्या रेघा एका उभ्या रेघेने जोडलेल्या. हे झाले आकाश. सगळे मिळून लेखणीचे सोळा फटकारे होतात.

उच्चार : झाओ, पण 'झ' नव्हे

रोमन लिपीत हे अक्षर झेड, एच, ए, ओ असे लिहितात. त्यावरून मराठीत 'झाओ' लिहिण्याचा रिवाज पडला आहे. आम्हीही या लेखात सोयीसाठी तेच लिहिले आहे. पण खऱ्या उच्चारात 'झ'मधला हवेचा झोत मुळीच नाही. 'ट' म्हणताना जिभेचे टोक जसे वर टाळूकडे वळते तसे वळवावे आणि तेथूनच 'च' म्हणण्याचा प्रयत्न करावा. तोंडातून हवा सुटू देऊ नये. 'च' आणि 'ज' यांच्या मधला काहीसा जड आवाज निघेल. त्याला 'नाव', 'गाव' या शब्दांतला 'आव' एका दमात जोडला, की उच्चार बराचसा जमतो.

यापुढची गोष्ट सुराची. आजच्या प्रमाण चिनी भाषेत चार सूर आहेत आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. सपाट उंच सुरात 'झाओ' म्हटले तर 'हात करून बोलावणे' असा अर्थ होऊ शकतो. प्रश्न विचारल्यासारखा सूर चढवला तर 'पेट घेणे'. सूर खाली नेऊन पुन्हा वर आणला तर 'शोधणे'. आणि वरून झपकन खाली सोडला तर 'प्रकाश टाकणे, उजळणे'. हट्टी मुलाला आई दटावून 'जा!' म्हणते तेव्हा आवाज जसा वरून खाली पडतो, तसा हा चौथा सूर. आपल्या अक्षराचा सूर हाच.

ही बीजिंगकडची आजची रीत झाली. तेच अक्षर दक्षिणेकडच्या कँटनी बोलीत 'जिऊ'च्या जवळ जाते. व्हिएतनामी लोकांनी ते 'च्येऊ' असे केले, जपानने 'शो' आणि कोरियाने 'जो'. खुद्द वूच्या काळचा उच्चारही आजच्यासारखा नव्हता. तेव्हा जीभ आजच्याइतकी मागे वळत नसे आणि आवाज आपल्या तालव्य 'च'कडे झुकणारा होता, असे भाषेचे अभ्यासक जुन्या कोशांवरून आणि यमकांवरून सांगतात. अक्षर एकच राहिले आणि तोंडे बदलत गेली.

अर्थ : उजेड कुठे पडतो?

'उजळणे' या अर्थाचे, याच उच्चाराचे एक साधे अक्षर चिनी भाषेत आधीपासून होते. त्याच्या तळाशी चार ठिपके असतात, ते अग्नीचे. आजही आरशात पाहणे, फोटो काढणे, दिव्याचा उजेड पाडणे अशा कामांसाठी तेच साधे अक्षर चालते. वूच्या नव्या अक्षराने त्यातला अग्नी काढला आणि सूर्य-चंद्र आणले. सूर्य आणि चंद्र शेजारी ठेवले की चिनी लिपीत 'तेजस्वी' असा शब्द होतो. त्याखाली आकाश. म्हणजे दिवसा आणि रात्री, आकाशातून सर्वांवर सारखाच पडणारा उजेड.

खालच्या चिन्हाला आणखी एक अर्थ आहे आणि तो बौद्धांना लगेच ओळखू येईल. आकाश म्हणजे जेथे काही नाही ते. म्हणून धम्मग्रंथांच्या चिनी भाषांतरकारांनी 'शून्य', 'शून्यता' या शब्दांसाठी हेच चिन्ह वापरले. सम्राज्ञीच्या मनात आकाश होते की शून्यता, हे अक्षर सांगत नाही. पण भिक्खूंच्या सहवासात वावरलेल्या त्या दरबारात दोन्ही अर्थ वाचले जात असणार, असे आम्हांस वाटते.

याला आधारही आहे. लोयांगजवळच्या लोंगमेन डोंगरात वैरोचन बुद्धाची १७.१४ मीटर उंचीची प्रचंड मूर्ती कोरलेली आहे. तिचे काम ६७५ साली पुरे झाले. या कामासाठी ६७२ साली वूने आपल्या शृंगारखर्चातून नाण्यांच्या वीस हजार माळा दिल्या, असे तेथील लेखात नोंदलेले आहे. चिनी बौद्ध परंपरा 'वैरोचन' या नावाचा अर्थ 'ज्याचा प्रकाश सर्वत्र पडतो तो' असा करते आणि त्या अर्थाच्या चिनी शब्दांत हेच 'झाओ' येते. त्या मूर्तीचा चेहरा वूचाच आहे असे लोक सांगतात. ती दंतकथा आहे, तिला पुरावा नाही.

हे अक्षर आले कसे?

वूचा जन्म ६२४ सालचा. चौदाव्या वर्षाच्या सुमारास ती सम्राट थायत्सुंग याच्या अंतःपुरात कनिष्ठ पदावर आली. ६४९ साली तो वारल्यावर रीतीप्रमाणे तिची रवानगी भिक्खुणींच्या विहारात झाली. तेथून पुढच्या सम्राटाने, काओत्सुंगने, तिला परत वाड्यात आणले. ६५५ साली ती पट्टराणी झाली. नवरा आजारी पडू लागला तसा कारभार तिच्या हाती येत गेला. ६७४ साली तिने बारा सूचना मांडल्या. त्यांतली एक अशी, की बाप हयात असला तरी आई वारल्यावर मुलांनी तिचे सुतक बापाच्या सुतकाइतकेच, म्हणजे तीन वर्षांचे पाळावे. तोवर बाप जिवंत असेल तर आईचे सुतक कमी असे. आईचे मरण बापाच्या मरणाहून हलके धरू नये, हा त्यातला मुद्दा आमच्या भगिनींच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

६८३ साली काओत्सुंग वारला. त्यानंतर तिने एका मुलाला बसवले, उतरवले, दुसऱ्याला बसवले. ६८९-९० च्या हिवाळ्यात नवे पंचांग जाहीर झाले आणि त्याबरोबर काही नवी अक्षरेही. तिच्या नात्यातल्या झोंग छिनख नावाच्या अधिकाऱ्याने प्रथम बारा अक्षरे करून सादर केली. पुढे ती वाढत अठराच्या आसपास गेली. घडवणारा हात त्याचा असेल, पण पसंती आणि शिक्का तिचा. त्यांतलेच 'झाओ' तिने स्वतःचे नाव म्हणून घेतले. पुढे ६९० च्या ऑक्टोबरात थांग राजवट बाजूला सारून तिने 'झोऊ' नावाची स्वतःची राजवट सुरू केली आणि ती सम्राट झाली.

बाकीची अक्षरेही पाहण्यासारखी आहेत. 'तारा' म्हणून नुसते एक वर्तुळ. 'पृथ्वी' म्हणजे डोंगर, पाणी आणि माती, एकाखाली एक. 'माणूस' म्हणजे 'एक' आणि 'जीवन'. 'प्रधान' म्हणजे 'एक' आणि 'निष्ठा'. 'देश' या अक्षराची तर एक गोष्टच सांगतात. कुणी सुचवले, की चौकटीच्या आत 'वू' हे घराण्याचे नाव लिहावे. महिन्याभराने दुसऱ्या कुणी लक्षात आणून दिले, की चौकटीत माणूस लिहिला तर त्याचा अर्थ 'कैदी' होतो. चौकटीतला 'वू'ही तसाच दिसेल. मग घाईने ते खोडून चौकटीत 'आठ दिशा' लिहिण्यात आले.

चिनी परंपरा असेही सांगते, की ६९३ साली बुद्धमूर्तीच्या छातीवरील स्वस्तिक-चिन्हालाही तिनेच उच्चार ठरवून दिला. तोवर ते नुसते चिन्ह होते. तेव्हापासून ते 'वान', म्हणजे दहा हजार, असे वाचले जाऊ लागले.

धम्माचा आधार आणि सत्तेचा हिशेब

कन्फ्यूशियसच्या शिकवणीत स्त्रीने गादीवर बसण्यास जागा नव्हती. महायानाच्या 'महामेघ सूत्रा'त मात्र एका देवकन्येविषयी भविष्य होते, की ती पुढे स्त्रीच्याच देहाने राज्य करील. तिच्या चिनी नावाचा अर्थ 'निर्मळ प्रकाश'. ६९० साली काही भिक्खूंनी या सूत्रावरील टीका सादर करून ती देवकन्या म्हणजेच वू, असे सुचवले. तिने लगेच प्रत्येक प्रांतात 'महामेघ' विहार उभारण्याचा हुकूम काढला. ६९३ साली तिने चक्रवर्तीची 'सुवर्णचक्र' ही पदवीही घेतली.

येथे डोळे झाकून चालणार नाही. तिने भाषांतरांना आश्रय दिला, विहार बांधले, अवतंसक सूत्राच्या नव्या भाषांतराला प्रस्तावना लिहिली. हे खरे. परंतु गादीसाठी तिने धर्मग्रंथाचा वापर केला, हेही तितकेच खरे. ६८६ साली तिने राजधानीत तांब्याची एक पेटी बसवली. तिच्यात कुणीही कुणाविरुद्ध चिठ्ठी टाकावी. या चिठ्ठ्यांच्या आणि हेरांच्या आधारे अनेक घराणी छळली गेली, माणसे मारली गेली. तिचा इतिहास तिच्या विरोधकांनी लिहिला आणि बाई म्हणून तिच्यावर जास्तीचा चिखलही उडवला. तो वजा केला तरी पुष्कळ काही शिल्लक राहते.

जे नाव घ्यायचे नाही

आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. 'अमक्याचे बाबा' म्हणत, नाहीतर उखाण्यात गुंफून एकदाच घेत. चीनमध्ये हीच रीत सम्राटाच्या नावाबाबत होती आणि ती साऱ्या प्रजेला लागू होती. सम्राटाचे नाव कुणी उच्चारायचे नाही, लिहायचे नाही, मुलाला ठेवायचे नाही. तसे करणे हा गुन्हा असे.

वूने 'झाओ' हे नाव घेताच याची झळ लागली ती नुसत्या त्या अक्षराला नव्हे, तर त्याच्या आवाजालाही. 'राजाज्ञा' या अर्थाचा चिनी शब्दही 'झाओ' असाच होता. तो बदलून त्याच्या जागी 'झ्र' असा काहीसा उच्चार असलेला दुसरा शब्द आणावा लागला. म्हणजे राजाज्ञेलाच राजाज्ञा म्हणण्याची सोय उरली नाही. तिच्या एका नातवाच्या नावात 'उजळणे' हे अक्षर होते. त्याचे नाव छोंगझाओ बदलून छोंगरुन करण्यात आले. दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या पाओ झाओ नावाच्या कवीचीसुद्धा यातून सुटका झाली नाही. त्याच्या नावातले अक्षर काढून दुसरे लिहिले जाऊ लागले.

याचा अर्थ वाचकांनी नीट पाहावा. सर्वांवर उजेड पाडणारे नाव, आणि ते घेण्याची मुभा कुणालाच नाही.

दुसऱ्यांची नावे

आता या कथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्ही सांगतो.

वूच्या आईबापांनी तिचे जन्मनाव काय ठेवले, याची खात्रीची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. पुरुषांच्या त्या बखरींत मुलीचे नाव टिपण्याची गरज कुणाला वाटली नाही. अंतःपुरात आल्यावर थायत्सुंगने तिला 'मेई', म्हणजे मोहक, हे नाव दिले. ते मालकाने दिलेले नाव. आज जग तिला 'झेत्यान' म्हणते, तेही ७०५ साली तिला गादीवरून उतरवल्यानंतर दिलेल्या पदवीतून आलेले. म्हणजे एक नाव अंतःपुराने दिले आणि दुसरे तिच्या पदच्युतीनंतर आले. मधले 'झाओ' एवढेच तिने स्वतः निवडले.

नाव दुसऱ्याने ठेवायचे आणि आपण निमूट ओ द्यायची, हे काय असते ते आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. धोंड्या, दगड्या, कचऱ्या अशा हाकांना ज्यांचे आजे-पणजे ओ देत आले, त्यांना स्वतःचे नाव स्वतः निवडण्यातला ताठ कणा चटकन समजतो. त्या दृष्टीने सातव्या शतकातल्या एका बाईने स्वतःच्या नावात सूर्य आणि चंद्र आणावेत, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

परंतु याच बाईने ६५५ साली पट्टराणी होताना काय केले तेही पाहा. आधीची पट्टराणी वांग आणि दुसरी राणी श्याओ या दोघींचा तिने अंत घडवला, असे बखरी सांगतात. एवढ्यावर भागले नाही. वांगच्या कुळाचे आडनाव बदलून 'अजगर' ठेवण्यात आले आणि श्याओच्या कुळाचे 'घुबड'. घुबड आपल्या आईला खाते असा तिकडे समज होता, म्हणून ते नाव विशेष हीन मानले जाई. त्या कुळांतल्या माणसांनी, मुलाबाळांनी हीच आडनावे लावायची. पन्नास वर्षांनी तिची सत्ता गेल्यावरच त्यांना आपली मूळ नावे परत मिळाली.

स्वतःसाठी उजेड घ्यायचा आणि दुसऱ्याच्या कपाळी घुबड लिहायचे, हा काही सूर्य-चंद्राचा न्याय नव्हे. सूर्य राजवाड्यावर पडतो तसाच झोपडीवर पडतो. 'झाओ' या अक्षराचा अर्थ जर 'सर्वांना सारखे उजळणे' असा असेल, तर ते नाव घेणारीने तो अर्थ अर्धाच पाळला, असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते.

सोन्याचा पत्रा

७०५ सालच्या आरंभी दरबारातल्या मंडळींनी उठाव करून तिला गादी सोडायला लावली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती वारली. मरताना तिने सम्राट ही पदवी टाकून आपल्याला राणी म्हणावे असे सांगितले. नव्याने आलेल्या थांग राजवटीने लेखनाची रीत पूर्ववत करण्याचा हुकूम काढला. 'तारा' पुन्हा जुन्या अक्षराने लिहिला जाऊ लागला, 'माणूस' आणि 'पृथ्वी'सुद्धा.

तरी ही अक्षरे पुसली गेली नाहीत. तुनह्वांगच्या लेण्यात विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या पोथ्यांचे भांडार सापडले. त्यातल्या काही पोथ्यांवर साल नाही, पण वूची अक्षरे आहेत. त्यावरून ती पोथी साधारण ६९० ते ७०५ या काळातली, किंवा तशा पोथीवरून उतरवलेली, हे ओळखता येते. कोरियात ग्योंगजू येथील बुलगुक्सा विहाराच्या स्तूपात १९६६ साली एक छापील धारणी-सूत्र सापडले. जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांत त्याची गणना होते आणि त्याचा काळ ठरवताना त्यातली वूची अक्षरे कामी आली. जपानमध्ये सतराव्या शतकातल्या तोकुगावा मित्सुकुनी या सरदाराने आपल्या नावात आठ दिशांचे 'देश' हे अक्षर घेतले. ते तेथे आजही त्याच्या नावात लिहिले जाते. आणि 'झाओ' टिकले ते ज्याच्यासाठी झाले त्या नावात. आज संगणकाच्या जागतिक अक्षरसंचातही त्याला जागा आहे.

परंतु वूच्या हयातीतले, तिच्यासाठीच लिहिलेले हे नाव कुठे पाहायला मिळते? त्याचे उत्तर १९८२ साली मिळाले. हनान प्रांतातल्या सुंग पर्वतावर एका शेतकऱ्याला दगडांच्या खाचेत सोन्याचा पातळ पत्रा सापडला. लांबी ३६.२ सेंटिमीटर, रुंदी ८ सेंटिमीटर, वजन सुमारे २२३ ग्रॅम. आज तो हनानच्या संग्रहालयात आहे. त्यावर ६३ अक्षरे कोरलेली आहेत आणि त्यांत तिची नवी अक्षरेही आहेत.

हा पत्रा ७०० सालचा. तेव्हा तिने पंचाहत्तरी ओलांडली होती. विधी बौद्ध नव्हे, ताओ पंथाचा आहे. म्हातारपणी ती दीर्घायुष्यासाठी तिकडेही वळली होती. मजकुराचा आशय असा, की महान झोऊ देशाची धनीण वू झाओ हिने हा सोन्याचा पत्रा पर्वतावर ठेवला आहे. दैवी दरबारातल्या अधिकाऱ्यांनी वू झाओच्या नावावरचे अपराध काढून टाकावेत. जे नाव साऱ्या देशात कुणी उच्चारू शकत नव्हते, ते येथे तिने स्वतःच्या वतीने लिहवले आणि तेही क्षमा मागण्यासाठी.

तथागतांच्या शिकवणीप्रमाणे असे होत नाही. कम्म सोन्याच्या पत्र्याने खोडता येत नाही. अजगर आणि घुबड झालेल्या घरांतल्या मुलांना त्या पत्र्याने काही मिळाले नाही. त्यांचे नाव परत मिळाले ते दुसऱ्या हुकुमाने, पाच वर्षांनंतर.

शिआन शहराजवळ नवऱ्याच्या शेजारी तिची समाधी आहे. तेथे साडेसात मीटर उंचीचा एक शिलास्तंभ तिच्या नावे उभा आहे. स्तंभ उभारताना त्यावर एकही अक्षर कोरले गेले नाही. का, याविषयी लोक नाना तर्क करतात. पुढच्या शतकांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यावर आपापला मजकूर कोरला.

आज 'झाओ' म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. मुलांनी सोळा फटकाऱ्यांत ते अक्षर काढून पाहावे, सूर वरून खाली सोडून म्हणून पाहावे. ते काढताना आईबापांनी त्यांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात : आपले नाव आपण निवडावे, आणि दुसऱ्याच्या नावाला कधी काळोखी फासू नये.